सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये दोन ते सहा होस्ट (खरे, फिजिकल सर्व्हर) आणि त्यांवर वीस ते शंभर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले सर्व्हर) चालवणाऱ्या कंपन्या, सहकारी बँका, कारखाने आणि रुग्णालयांसाठी आहेत. ऐरोली-महापेच्या मोठ्या डेटा सेंटरांचं गणित वेगळं, तिथे माणसं शिफ्टमध्ये बसतात. आपल्याकडे आयटीत दोघं असतात आणि त्यातला एक प्रिंटरही बघतो.

आमच्याकडे आठच फिजिकल सर्व्हर आहेत. एवढ्यासाठी व्हर्च्युअलायझेशन कशाला?

आठही सर्व्हरचा महिनाभराचा सीपीयू वापर काढून बघा. डेटाबेसचा एखादा सोडला तर बाकीचे बहुतेक वेळ झोपलेले दिसतील. वीज आणि एसीची बचत होतेच, पण खरा फायदा वेगळा आहे. हार्डवेअर जुनं झालं की सर्व्हर नव्याने इन्स्टॉल करत बसावं लागत नाही. व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर हलवता येतं.

याची दुसरी बाजू व्हेंडरच्या सादरीकरणात नसते. आठ सर्व्हर एका खोक्यात आले की आठांचा धोकाही त्याच खोक्यात येतो. पूर्वी मदरबोर्ड जळला तर फक्त हजेरीचं सॉफ्टवेअर बंद पडायचं, आता सगळी कंपनी बंद पडेल. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख हा एकवटलेला धोका परत पसरवण्याकडेच आहे. एकच होस्ट घेऊन त्यावर आठही सर्व्हर कोंबणार असाल, तर आहे तसंच राहू द्या.

कोणता हायपरव्हायझर सगळ्यात चांगला?

हायपरव्हायझर म्हणजे एका होस्टवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. तंत्र म्हणून सगळेच मुरलेले आहेत. आयबीएमने मेनफ्रेमवर व्हीएम/३७० आणलं ते १९७२ मध्ये. व्हीएमवेअरचा ईएसएक्स २००१ चा. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच आधार दिला, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये आलं आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही. तुमच्या चाळीस व्हीएमना यांपैकी कुणावरही फरक जाणवणार नाही. फरक पडतो तो लायसन्सच्या बिलात, बॅकअप सॉफ्टवेअर कशाला चालतं यात, आणि रात्री दोन वाजता तुमच्या माणसाला कोणता कन्सोल सफाईने हाताळता येतो यात.

होस्ट किती घ्यावेत? दोन पुरतील का?

चालतील, पण तीन बरे. दोनपैकी एक पडला की सगळा भार उरलेल्यावर येतो, म्हणून एरवी प्रत्येक होस्ट निम्म्यापेक्षा जास्त भरता येत नाही. तीन असतील तर दोन-तृतीयांशापर्यंत भरता येतो, चार असतील तर पाऊण.

समजा प्रत्येकी ५१२ जीबी रॅमचे तीन होस्ट आहेत. एकूण १,५३६ जीबी, आणि परचेस विभागाला हाच आकडा दिसतो. तुम्ही मात्र एक होस्ट वजा करून १,०२४ धरायचे आणि हायपरव्हायझरचा वाटा व थोडी मोकळीक सोडून ९०० च्या आसपास थांबायचं. वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी येऊन म्हणणारच, “सहाशे जीबी नुसती पडून आहे की!” गाडीची स्टेपनीही डिकीत नुसती पडून असते. व्हीस्फिअरमध्ये (व्हीएमवेअरच्या संचात) ॲडमिशन कंट्रोल चालू ठेवलं तर सिस्टीमच ही राखीव जागा जपते आणि जास्तीचं व्हीएम सुरू होऊ देत नाही. “एरर येतेय” म्हणून ते बंद करून टाकलेलं बऱ्याच ठिकाणी आढळतं. ते चालू करा आणि त्यासाठी चार शिव्या खाव्या लागल्या तर खा.

तिसऱ्या होस्टचं आणखी एक कारण म्हणजे कोरम. दोन होस्टमधली केबल तुटली की दोघांनाही वाटतं समोरचा मेला. मग दोघेही तेच व्हीएम सुरू करायला धावतात आणि एकाच डिस्कवर दोघांनी लिहिलं की डेटाची वाट लागते. हे टाळायला बहुमत लागतं. दोनच होस्ट परवडत असतील तर तिसरं मत देणारं काहीतरी बाहेर ठेवा: प्रॉक्समॉक्समध्ये (केव्हीएमवर उभा असलेला हायपरव्हायझर) क्यूडिव्हाइस, हायपर-व्हीच्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटात) विटनेस. त्याला छोटंसं मशीनही पुरतं, फक्त ते त्याच दोन होस्टपैकी एकावर व्हीएम म्हणून चालवू नका.

ईआरपीच्या व्हेंडरने १६ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) आणि ६४ जीबी रॅम मागितली आहे. देऊन टाकू?

चारपासून सुरुवात करा. तो आकडा अनेकदा फिजिकल सर्व्हरच्या काळातल्या कागदावरून उचललेला असतो. वाढवून देणं सोपं असतं, दिलेलं परत घेताना मात्र मीटिंग होते.

जास्त दिल्याने नुकसान होतं ते असं. व्हीसीपीयूला काम करायचं असेल तेव्हा त्याला खरा कोअर मोकळा मिळावा लागतो. प्रत्येक व्हीएमला ढिगाने व्हीसीपीयू दिले की कोअरसाठी रांग लागते. व्हीएमच्या आत टास्क मॅनेजर ४० टक्के दाखवतो, वापरणारे म्हणतात “सिस्टीम अडकते”, आणि कुणालाच काही सापडत नाही. ही रांग मोजायचं माप म्हणजे सीपीयू रेडी. व्हीसेंटरचा (व्हीस्फिअरचे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिअल-टाइम आलेख दर २० सेकंदांचा असतो, म्हणजे २०,००० मिलिसेकंद. त्यात रेडी १,००० दिसलं तर ५ टक्के वेळ रांगेत गेला. आकडा अख्ख्या व्हीएमचा असेल तर व्हीसीपीयूच्या संख्येने भागा. चार व्हीसीपीयूच्या व्हीएमला ४,००० दिसले तरी प्रत्येकी ५ टक्केच. पाचच्या आत असेल तर दुसरीकडे शोधा. दहाच्या वर असेल तर तक्रार खरी आहे, आणि उपाय बहुतेक वेळा व्हीसीपीयू कमी करणं हाच असतो. हे ऐकून व्हेंडरचा माणूस चमकतो. त्याला आलेख दाखवा.

न्यूमाकडेही बघा, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी जवळ आणि दुसऱ्याची लांब असते याकडे. १६ कोअरचे दोन प्रोसेसर असलेल्या होस्टवर २० व्हीसीपीयूचं व्हीएम दोन्ही सॉकेटांवर पसरतं आणि त्याला दुसऱ्या सॉकेटची मेमरी लांबून आणावी लागते. शक्यतो एक व्हीएम एका सॉकेटमध्ये मावू द्या.

व्हेंडर “इतकं दिलं नाही तर सपोर्ट नाही” म्हणाला, तर ते ईमेलवर लेखी मागा. बरेचदा ईमेल येतच नाही.

आणि रॅम? असलेल्यापेक्षा जास्त वाटता येते म्हणे.

येते, पण प्रॉडक्शनमध्ये वाटू नका. सीपीयू चौघांत एक वाटला तरी साधारण भागतं, कारण सगळे एकाच क्षणी धावत नाहीत. रॅमचं तसं नसतं, एकदा घेतली की घेतली. तुटवडा पडला की हायपरव्हायझर आधी व्हीएमच्या आत बलून फुगवून रॅम परत मागतो, मग मेमरी दाबून बसवतो आणि शेवटी डिस्कवर स्वॅप करतो. स्वॅप सुरू झालं की फोन वाजायला लागतात. एसक्यूएल सर्व्हरच्या व्हीएमला कमाल मेमरीची मर्यादा घालायला विसरू नका; ती नसेल तर तो दिसेल तेवढी रॅम घेऊन बसतो आणि “रॅम ९५ टक्के भरली” असे अलर्ट येत राहतात.

थिन प्रोव्हिजनिंग सुरक्षित आहे का?

थिन म्हणजे व्हीएमला डिस्क कागदावर मोठी द्यायची, पण खरी जागा लागेल तशीच वापरायची. लक्ष ठेवणारं कुणी असेल तर हो. १० टीबीच्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क जिथे राहतात त्या स्टोरेजवर) १८ टीबीच्या डिस्क कागदोपत्री दिल्या, तर एक दिवस जागा खरोखर संपणार. त्या दिवशी ज्या व्हीएमला नवी जागा लागेल ते थिजतं किंवा डिस्कच्या एरर द्यायला लागतं, आणि हे एकाच वेळी अनेकांचं होतं. अलर्ट ७५ टक्क्यांना लावा आणि तो दोन माणसांच्या मोबाइलवर जाऊ द्या.

अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतो आणि ठेवतो. तोच बॅकअप झाला ना?

नाही. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जातं. दोन्ही फाइल त्याच डेटास्टोअरवर असतात. डेटास्टोअर गेलं की दोन्ही गेल्या.

स्नॅपशॉट ठेवून दिला की ती दुसरी फाइल वाढत राहते, वाचन-लेखन मंदावतं, आणि तीन महिन्यांनी तो काढायला गेलात की विलीनीकरण तासन् तास चालतं. व्हीएमवेअरची स्वतःचीच शिफारस आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. साखळी ३२ पर्यंत जाऊ शकते, पण दोन-तीनच्या पुढे नेऊ नका. दर सोमवारी सगळ्या स्नॅपशॉटची यादी काढा. तुम्ही न घेतलेलेही सापडतील. बॅकअप सॉफ्टवेअर मध्येच फसलं की आपले स्नॅपशॉट तसेच सोडून जातं.

एचए आहे, स्टोरेजला रेड (डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) आहे. मग बॅकअपवर वेगळा खर्च का?

एचए म्हणजे होस्ट मेला की त्याच्यावरची व्हीएम दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू होणं. मध्ये काही मिनिटं बंद असतातच. कुणी चुकून टेबल पुसलं किंवा रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केल्या, तर एचए त्याच बिघडलेल्या व्हीएमला इमानेइतबारे दुसऱ्या होस्टवर उभं करेल.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी: हा जुना नियम पाळाच, आणि एक प्रत अशी ठेवा जी ॲडमिनलाही ठरलेल्या मुदतीआधी पुसता येणार नाही. दर तिमाहीला एक व्हीएम खरोखर रिस्टोअर करून त्यात लॉगिन करून बघा. बॅकअपचा हिरवा टिकमार्क फक्त एवढंच सांगतो की काहीतरी लिहिलं गेलं.

व्हीएमवेअरच्या रिन्यूअलचं कोटेशन बघून साहेब विचारतायत: सोडायचं का?

आधी कोटेशन असं का आलं ते समजावून सांगा. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ ला व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता फक्त सबस्क्रिप्शन, तेही कोअरवर आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. तुमच्या होस्टमध्ये ८ कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर असलेल्या १६ ऐवजी ३२ कोअरचं बिल येतं. लहान कंपन्यांना याचा फटका जास्त बसला. फुकटचा ईएसएक्सआय (ईएसएक्सचा पुढचा अवतार) फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आला, पण तो व्हीसेंटरला जोडता येत नाही, त्यामुळे क्लस्टरसाठी त्याचा उपयोग नाही. व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आवृत्ती ८ ला ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत मुदत आहे.

माझं मत विचाराल तर तीन होस्ट, चाळीस व्हीएम आणि लिनक्सची भीती नसलेला एक माणूस असेल, तर प्रॉक्समॉक्स. ते व्हिएन्नाच्या कंपनीचं, डेबियन आणि केव्हीएमवर उभं आहे. सबस्क्रिप्शन न घेताही चालतं, पण प्रॉडक्शनसाठी घ्या. विंडोज सर्व्हर डेटासेंटरचं लायसन्स आधीच असेल तर हायपर-व्हीचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत. न्यूटॅनिक्स हा पर्यायही चांगला आहे, मात्र एका सबस्क्रिप्शनमधून सुटून दुसऱ्यात जाताय हे साहेबांना आधीच सांगा.

एका कारणासाठी थांबावं लागेल. तुमच्या मुख्य सॉफ्टवेअरला कोणता हायपरव्हायझर मान्य आहे ते लेखी घ्या. एसएपी हानासारख्या डेटाबेसांची यादी ठरलेली असते. आणि रिन्यूअलची तारीख मार्चमध्ये येत असेल तर एक वर्ष भरून टाका. मार्चअखेरीच्या गडबडीत स्थलांतर करण्यापेक्षा ते पैसे परवडतात.

प्रॉक्समॉक्सवर जाताना कुठे अडतं?

एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून ईएसएक्सआयवरून थेट व्हीएम ओढून घेणारा विझार्ड त्यातच आहे. अडतं ते आधीच्या तयारीत. सगळे स्नॅपशॉट काढा. विंडोजच्या व्हीएममधून व्हीएमवेअर टूल्स स्थलांतराआधीच काढा, नंतर ते नीट निघत नाहीत. स्थिर आयपी, गेटवे, डीएनएस लिहून ठेवा. नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे विंडोजला ते नवीन वाटतं. व्हर्च्युअल टीपीएमची (कुलपाच्या किल्ल्या जपणाऱ्या चिपची) स्थिती सोबत येत नाही, म्हणून बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. व्हीसॅनवरच्या (व्हीएमवेअरच्या सामायिक स्टोरेजवरच्या) डिस्क आधी साध्या डेटास्टोअरवर आणाव्या लागतात.

विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं तर घाबरू नका. डिस्क साटा म्हणून जोडून बूट करा, व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या व्हर्च्युअल हार्डवेअरचे) ड्रायव्हर टाका, एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ स्कझी डिस्क जोडून विंडोजला तो ड्रायव्हर ओळखू द्या, बंद करा आणि मग मुख्य डिस्क स्कझीवर न्या. पहिला नंबर टेस्ट सर्व्हरचा लावा, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) शेवटी.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स व्हीएमवर घ्यायचं की होस्टवर?

साधारणपणे होस्टच्या कोअरवर, आणि किमान १६ कोअर धरून. स्टँडर्ड लायसन्सने होस्टचे सगळे कोअर झाकले की त्यावर दोन विंडोज व्हीएमचा हक्क मिळतो. आणखी दोनसाठी सगळे कोअर पुन्हा झाकायचे. डेटासेंटर लायसन्सला मर्यादा नाही, त्यामुळे एका होस्टवर दहा-बाराच्या पुढे गेलात की बहुधा तेच स्वस्त पडतं; दोन्हींची कोटेशनं शेजारी ठेवून बघा. ऑडिटमध्ये सापडते ती चूक वेगळीच असते: व्हीएम तिन्ही होस्टवर फिरतात आणि लायसन्स एकाच होस्टचं असतं. एखादा होस्ट पडल्यावर ज्या होस्टवर जितकी विंडोज व्हीएम जमू शकतात, तितक्यांचं लायसन्स त्या होस्टला हवं.

जुन्या सॉफ्टवेअरची यूएसबी डोंगल आहे. ती व्हीएमला कशी लावायची?

होस्टला लावून पासथ्रू करता येते (म्हणजे थेट व्हीएमला देता येते), पण मग ते व्हीएम त्या होस्टला बांधलं जातं आणि होस्ट पडला की एचएचा उपयोग होत नाही. नेटवर्कवरून यूएसबी देणारं छोटं उपकरण मिळतं, ते घ्या. आणि सॉफ्टवेअर कंपनीला सॉफ्ट लायसन्स मागून बघा. विचारलं की अनेक जण देतात.

रॅन्समवेअर व्हीएमच्या आत येतं. होस्टला कसला धोका?

आता हल्ला होस्टवरच होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो होस्ट गाठले. ज्या त्रुटीतून ते शिरत असल्याचं सांगितलं गेलं, तिचा पॅच दोन वर्षं आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला होता. होस्टवर शिरलं की आतल्या अँटीव्हायरसला काही कळत नाही. बाहेरून अख्ख्या डिस्कच्याच फाइल कुलूपबंद होतात, तीस सर्व्हरच्या एकदम.

२०२४ च्या जुलैमध्ये समोर आलेलं प्रकरण तर आणखी विचित्र होतं. डोमेनला जोडलेल्या ईएसएक्सआयवर “ईएसएक्स ॲडमिन्स” नावाच्या डोमेन ग्रुपला आपोआप पूर्ण अधिकार मिळायचे. असा ग्रुप मुळात अस्तित्वात नसला तरी हल्लेखोराने त्या नावाचा बनवला की काम झालं.

म्हणून होस्ट डोमेनला जोडू नका. मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा आणि तिथे पोचायला एकच दार असू द्या, तेही दुहेरी पडताळणीचं. सर्व्हर दुरून सांभाळायचे आयलो-आयड्रॅकसारखे पोर्टही त्याच व्हीलॅनमध्ये हवेत. ते ऑफिसच्या लॅनवर डीफॉल्ट पासवर्डसह लटकलेले दिसणं नवीन नाही. बॅकअप सर्व्हरही डोमेनच्या बाहेर ठेवा. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तर बॅकअप तरी वाचायला हवा.

सर्ट-इनचे नियम आम्हालाही लागू होतात का?

होतात. सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची असतात. ईएसएक्सआयचे लॉग होस्टवर फार दिवस टिकत नाहीत, म्हणून लॉग साठवणारा वेगळा सिसलॉग सर्व्हर हवाच. वेळेच्या बाबतीत एकच साखळी ठेवा: होस्ट आणि डोमेन कंट्रोलर दोघेही एनटीपीवरून (नेटवर्कवरच्या अचूक घड्याळावरून) वेळ घेतात आणि बाकीची विंडोज व्हीएम डोमेन कंट्रोलरकडून. व्हीएम एकाच वेळी होस्टकडूनही आणि डोमेनकडूनही वेळ घ्यायला लागलं की घड्याळ मागे-पुढे उड्या मारतं.

वीज गेली आणि जनरेटरही सुरू झाला नाही, तर काय क्रमाने बंद करायचं?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा मुंबईत वीज जातच नाही हे गृहीत धरणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला. आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग व्हीसेंटर, मग डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, मग होस्ट, मग स्टोरेज, शेवटी स्विच. सुरू करताना उलटं. यूपीएसचं सॉफ्टवेअर हे आपोआप करू शकतं, पण वर्षातून एकदा एखाद्या रविवारी खरोखर करून बघा, कारण बॅटरी दाखवलेल्या मिनिटांइतकी टिकतेच असं नाही.

सुरू करताना एक तिढा पडतो. व्हीसेंटरला नावाने शोधायला डीएनएस लागतो, डीएनएस व्हीएममध्ये आहे, ते व्हीएम कुठल्या होस्टवर आहे ते व्हीसेंटरलाच माहीत, आणि पासवर्ड ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेत तेही त्याच क्लस्टरवर. एक डोमेन कंट्रोलर एका ठरावीक होस्टच्या लोकल डिस्कवर ठेवा. होस्ट, स्टोरेज आणि स्विचचे आयपी आणि सुरू करायचा क्रम कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड मात्र बंद पाकिटात, कंपनीच्या तिजोरीत.

व्हीएम वाढतच चालली आहेत. कोणतं कशाचं ते कुणालाच सांगता येत नाही.

व्हीएम बनवायला पाच मिनिटं लागतात आणि परचेस ऑर्डर लागत नाही, म्हणून हे होतं. प्रत्येक व्हीएमच्या नोंदीत तीन गोष्टी सक्तीच्या करा: मालकाचं नाव (विभागाचं नको, माणसाचं), कशासाठी, आणि कधी फेरविचार. मालक नोकरी सोडून गेला की एचआरच्या क्लिअरन्समध्ये व्हीएम कुणाच्या नावावर करायचं हेही येऊ द्या.

बेवारस व्हीएम लगेच पुसू नका. आधी त्याचं नेटवर्क कार्ड तोडा, पंधरा दिवस थांबा, मग बंद करा. बंद अवस्थेत एक तिमाही आणि एक वर्षअखेर जाऊ द्या, कारण काही सॉफ्टवेअर ताळेबंदाच्या वेळीच उघडतात. त्यानंतर बॅकअपमध्ये ठेवून पुसा.

पॅच कधी लावायचे? कोणीच वेळ देत नाही.

तीन होस्टचा क्लस्टर नीट भरलेला असेल तर वेळ मागायची गरजच नाही. एका होस्टवरची व्हीएम दुसरीकडे हलवा, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका, पॅच लावा, परत आणा, मग पुढचा. दिवसाढवळ्या होतं. व्हीएमच्या आतल्या पॅचसाठी मात्र व्यवसायाचं कॅलेंडर पाहावं लागतं. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू असताना वजनकाट्याच्या सर्व्हरला हात लावायचा नाही, बँकेत महिनाअखेरीला नाही. फर्मवेअर आणि बायोसही वर्षातून एकदा अद्ययावत करा. हे काम सगळीकडेच राहून जातं.

सगळंच क्लाउडवर नेलं तर?

ईमेल आणि वेबसाइट न्या. चोवीस तास एकसारखा चालणारा डेटाबेस आणि कारखान्यातल्या मशीनशी बोलणारं सॉफ्टवेअर नेताना तीन वर्षांचा हिशेब मांडा आणि त्यात बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल धरा. शिवाय इंटरनेटची लाइन तुटल्यावर उत्पादन थांबलेलं चालेल का, ते प्लांट हेडला विचारा.

नवे होस्ट आले. जुन्यांचं काय करायचं?

एक ठेवा आणि त्यावर तिमाही रिस्टोअरची चाचणी घ्या. मुख्य नेटवर्कपासून तोडून, नाहीतर एकाच नावाचे दोन डोमेन कंट्रोलर समोरासमोर येतील. बाकीच्यांच्या डिस्क पुसून, सिरियल नंबरसकट प्रमाणपत्र घेऊन नोंदणीकृत रिसायकलरला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते भंगारवाल्याला विकता येत नाहीत, त्याने भाव कितीही चांगला दिला तरी.